फड्याले होऽकी म्हनते

आमच्या घरात सध्या कोणत्याही वस्तूला हात लावण्याआधी तिचं नाव वाचावं लागतं. फ्रिजवर पिवळी चिठ्ठी, आरशावर पिवळी चिठ्ठी. घड्याळाच्या काचेवर तर चिठ्ठी अशा बेतानं चिकटवली आहे, की चार ते सातच्या मधली वेळ आम्हाला कळेनाशी झाली आहे. उशीला काही चिठ्ठी चिकटेना, म्हणून ती टाचणीनं लावली होती. रात्री दीड वाजता मला समजलं, की जपानीत उशीला 'माकुरा' म्हणतात. गालात घुसलेला शब्द माणूस विसरत नाही.

हा उद्योग आमच्या मुलीचा. तिचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जपानी भाषेची परीक्षा आहे. या परीक्षेला पाच पायऱ्या. एन-५ सगळ्यांत खालची, एन-१ सगळ्यांत वरची. म्हणजे ज्ञान चढत जातं तसा आकडा उतरत जातो. आईला हे पटेना. "पोरगी पाचवीतून पयलीत चालली, अन् तू वरून फी भरून रायला?" असं तिनं मला चारचौघांत विचारलं.

तसं पाहिलं तर अमरावतीच्या राजापेठेत राहणाऱ्या माणसाला भाषांची भीती नसावी. दुकानात हिंदी, घरात वऱ्हाडी, लग्नपत्रिकेत संस्कृतलाही घाम फोडील अशी मराठी, आणि गाड्यांच्या गर्दीत अडकल्यावर जी बोलतात ती वेगळीच. एवढ्या चार भाषा इथलं शेंबडं पोट्टंही बोलतं. त्यात पाचवी आली तर काय बिघडलं, असं मला वाटलं होतं.

गॅलरीच्या कठड्यावर एक चिठ्ठी होती, 'हाशी'. मी दोन दिवस कठड्याला हाशी म्हणत होतो. तिसऱ्या दिवशी खुलासा झाला, की चिठ्ठी कठड्याची नव्हे, कठड्यावरून दिसणाऱ्या उड्डाणपुलाची. पुलावर जाऊन चिकटवता येत नाही म्हणून ती अलीकडे लावली होती. हाशी म्हणजे पूल. हाशी म्हणजे जेवायच्या काड्यासुद्धा. आणि हाशी म्हणजे कडसुद्धा. फरक फक्त सुराचा. 'हा' चढवला की काड्या, 'शी' चढवली की पूल. बेसूर माणसानं जपानात जेवायला बसू नये, काड्या मागायचा आणि पूल मागवून बसायचा. तिकडे इक्क्यू नावाचा एक भिक्षू पंधराव्या शतकात होऊन गेला. आपल्याकडे बिरबलाच्या सांगतात तशा तिकडे त्याच्या गोष्टी सांगतात. एका पुलावर पाटी होती, की या हाशीवरून जाऊ नये. हा पठ्ठ्या पुलाच्या मधोमध चालत पलीकडे गेला आणि म्हणाला, "मी कडेनं गेलोच नाही." आमच्या पुलावर मधोमध जाणारे इक्क्यू रोज संध्याकाळी दिसतात. त्यांना भिक्षू म्हणत नाहीत, काय म्हणतात ते वरच्या चौथ्या भाषेत आहे.

काही शब्दांनी मात्र ओळख दाखवली. डब्यातल्या ब्रेडवर 'पान' अशी चिठ्ठी पाहून मी चमकलो. आपल्या भागात पान म्हटलं की एकतर कात-चुना, नाहीतर खर्रा. मुलगी म्हणाली, "बाबा, पाव अन् पान एकच आहे. दोघंबी पोर्तुगीजांनी आणले." पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि १५४३ साली ते जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचले. पाव इथं ठेवला, पान तिथं ठेवलं. बटणाचं तिकडे 'बोतान' झालं आणि साबणाचं 'शाबोन'. पुढे साबणाला त्यांनी दुसरा शब्द आणला, आणि शाबोन उरला तो मुलांच्या साबणाच्या फुग्यांपुरता. एवढंच काय, आंजिरो नावाचा एक जपानी माणूस १५४८ साली गोव्यात होता. तिथंच त्याचा बाप्तिस्मा झाला आणि पुढच्याच वर्षी सेंट फ्रान्सिस झेवियरला घेऊन तो कागोशिमाला उतरला. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर येऊन चिठ्ठ्या चिकटवण्याचा उद्योग त्या आंजिरोनं तेव्हाच केला असणार. बिचाऱ्याला टाचणी कोणाच्या उशीत खुपसावी लागली, ते इतिहासात नाही.

आई मात्र जपानीच्या प्रेमात पडली ती व्याकरणामुळे. मुलगी घोकत होती, "कोरे वा नान देसु का?" म्हणजे हे काय आहे? आईनं मान डोलावली. "शेवटी 'का' लावते म्हनजे आपलेच लोक आहे." आणि खरंच, त्यांचं क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं, प्रश्नाला शेवटी 'का' लागतो आणि लाडीगोडीला 'ने' लागतो, आपला 'ना' लागतो तसा. बायकोला वेगळंच रत्न सापडलं. ओसाकाच्या बाजूला 'आहो' म्हणजे मूर्ख. "म्हणजे मी तेवीस वर्षं जपानीच बोलून रायली होती," असं म्हणून ती इतकी प्रसन्न हसली, की तेवीस वर्षांत तशी हसलेली मला आठवत नाही.

आता मुद्द्याची वस्तू. फडा.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. घर झाडायचा तो फडा, शिंदीच्या पानांचा. अंगण झाडायचा तो खराटा. पुण्याकडे केरसुणी म्हणतील, कोकणात नारळाचे हीर काढून झाडू बांधतील, पण आमच्याकडे फडा तो फडा. त्यावरही चिठ्ठी लागली. एकदा झाडलं की चिठ्ठी केरात जायची. पुन्हा लावायची, पुन्हा जायची. चौथ्या वेळी मुलीनं दोरा ओवून चिठ्ठी फड्याच्या गळ्यात बांधली, एसटीच्या टपावर टाकायच्या बोचक्याला बांधतात तशी. चिठ्ठीवर होतं, 'होऽकी'. लिहिताना होउकी, म्हणताना होऽकी.

आईनं विचारलं, "अन् खराट्याले?"

"त्यालेबी होऽकीच म्हनते, आजी."

"मंग अंगन अन् देवघर एकच केलं का बाप्पा त्यायनं?"

हा प्रश्न ऑनलाइन शिकवणाऱ्या सेन्सेईंपर्यंत गेला. सेन्सेई म्हणजे गुरुजी, या बाई आहेत, तरी सेन्सेईच. उत्तर आलं, की अंगणाच्या बांबूच्या काड्यांच्या झाडूला 'ताकेबोऽकी' म्हणतात. जोडशब्दात मागे गेला की 'हो'चा 'बो' होतो. आईचं समाधान झालं. "मंग असं सांग न. भाषा साजरी आहे, पोरगी अर्धवट शिकून रायली."

या फड्याच्या शब्दानं आमच्या घरात जेवढा धुरळा उडवला, तेवढा फड्यानं कधी उडवला नव्हता. जुन्या जपानीत तो 'हाहाकी' होता म्हणे, म्हणजे पिसांनी झाडायचं साधन. पण खरी गंमत अक्षरात. झाडूचं जे मूळ चिनी चित्राक्षर आहे, ते आणखी दोन अक्षरांत जाऊन बसतं. डावीकडे बाई, उजवीकडे झाडू, की झालं अक्षर 'बायको'चं. मुलीनं हे ओट्याजवळ उभं राहून सांगितलं आणि मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "चिनी लोक हुशार. हजारो वर्षांपूर्वी लिहून ठेवलं." कढईतलं उलथणं थांबल्याचा आवाज आला. थांबण्याचाही आवाज असतो, हे लग्न झालेल्या माणसाला सांगायला नको.

"अन् दुसरं अक्षर?" बायकोनं विचारलं.

"दुसरं 'झाडणे'. डावीकडे हात, उजवीकडे झाडू."

"बाईचा हात का मानसाचा?"

"नुसता हात."

"मंग हात तर तुमालेबी हाय," बायको माझ्याकडे वळली. वर मुलीनं भर घातली, की बायकोच्या अक्षरातला तो झाडूदेखील मुळात केर काढायचा नाही, पितरांचं देवघर शुद्ध करायचा होता असं काही अभ्यासकांचं मत आहे. त्या रविवारी हॉल मी झाडला. चिनी लिपी चांगली, पण फार खोलात शिरू नये.

मी झाडत असताना मुलगी बाजूला उभी राहून मोजत होती. लांबट वस्तू मोजायचा त्यांचा प्रत्यय वेगळा. एक झाडू 'इप्पोन', दोन झाडू 'निहोन'. निहोन म्हणजे जपानसुद्धा. मग घरात फडा आणि खराटा मिळून आख्खं जपान उभं आहे की, असं मी म्हणालो. कोणी हसलं नाही. तो विनोद मी इथं पुन्हा करून पाहिला.

याच सुमारास पाहुणे आले.

पाहुणे म्हणजे माझे साडू, सांगलीचे. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस सांगलीत धरली आणि बडनेऱ्याला उतरले. अकोल्याला एका लग्नाची बोलणी होती, 'चार दिवस राहीन' असं फोनवर ठरलं होतं. माणूस लाखात एक. निर्व्यसनी, हसतमुख, पहाटे पाचला उठून मोठ्यानं गुळण्या करणारा. आणि त्यांच्या तोंडी एक शब्द ठाण मांडून बसलेला. आपण 'हो' म्हणू तिथं ते 'हो की' म्हणतात. सांगली-कोल्हापूरचा तो रिवाजच. त्यात होकार असतो, आपुलकी असते, आणि 'हे काय विचारणं झालं?' असा लटका रागही असतो.

पहिल्या सकाळी आईनं विचारलं, "चहा घेता का भाऊ?"

"होऽ की!" साडू म्हणाले.

आई आत गेली आणि फडा घेऊन आली.

आईला ऐकू जरा कमी येतं, पण नवं शिकलेलं ती वाया जाऊ देत नाही. फडा समोर धरून ती उभी. साडू फड्याकडे पाहताहेत, फड्याच्या गळ्यातली चिठ्ठी वाचताहेत, जी जपानीत आहे. मी काही बोलणार एवढ्यात त्यांचा चेहरा उजळला. "वा! गाडगेबाबांचा जिल्हा! आधी झाडू, मग चहा!" असं म्हणून त्यांनी पदर खोचावा तसा पंचा खोचला आणि हॉल झाडायला घेतला. कोपऱ्याकोपऱ्यातून. सोफ्याखालून. माझा २०१९ पासून हरवलेला पेनही त्यांनी काढून दिला.

यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शेणगावचे डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच गाडगेबाबा, आमच्याच जिल्ह्यातले. १८७६ सालचा जन्म. डोक्यावर गाडग्याचं खापर, हातात खराटा, गावात शिरले की आधी गाव झाडायचं आणि मग रात्री कीर्तन, तेही ठेवणीतल्या मराठीत नाही, ठेठ वऱ्हाडीत. आईच्या आईनं ते कीर्तन ऐकलं होतं. ती सांगायची, की बुवा समोरच्यांना प्रश्न विचारत जायचे आणि उत्तर देता देता माणसाला आपोआप लाज वाटायची. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ बाबा गेले. समाधी अमरावतीत, गाडगेनगरला. विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. २०२२ च्या विश्वचषकात जपानी प्रेक्षकांनी सामना संपल्यावर स्टेडियम साफ करून टाकलं, तेव्हा जगानं तोंडात बोट घातलं आणि आम्हीही ती चित्रफीत एकमेकांना पाठवली. मी ती पाहत होतो तेव्हा पायाखाली शेंगांची फोलपटं होती, ही गोष्ट वेगळी. तिकडे शाळेत रोज झाडण्याचा तासच असतो, पोरंच वर्ग झाडतात, पोरंच फरशी पुसतात. आमच्या वेळीही वर्ग झाडायला लावत, पण ती शिक्षा होती. तास नव्हता.

"जपानाचं काय घेऊन बसला," आई म्हणाली, "आपले तुकडोजी महाराज गेले होते न जपानाले!" हेही खरं. यावलीत जन्मलेले, मोझरीला राहणारे राष्ट्रसंत १९५५ साली जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले होते, खंजिरी घेऊन. थोडक्यात, आमच्या जिल्ह्यानं एक संत जपानला पाठवला आणि एका संताच्या हाती झाडू होता. दोन्ही गोष्टी एकत्र यायला मात्र आमच्या साडूंना सांगलीहून यावं लागलं.

चार दिवसांचे सहा झाले. सहाचे नऊ. अकोल्याची बोलणी पुढे सरकत होती, मागे येत होती. साडू दिवसातून पाच-सहा वेळा 'हो की' म्हणत आणि पाच-सहा वेळा झाडत. घर इतकं स्वच्छ झालं, की मला त्यात परक्यासारखं वाटू लागलं. पेपर घडी करून ठेवलेला, चपला रांगेत. पलंग माझा, त्यावर ते. गॅलरीत गादी, तिच्यावर मी आणि समोर हाशी. रात्री बाराला मालवाहू ट्रक पुलावर चढताना सूर कसा बदलतो, याचा माझा पक्का अभ्यास झाला.

अशा एका रात्री मुलीनं सहज सांगितलं, की जपानात पाहुणा फार दिवस राहिला तर घरातले लोक काय करत. झाडू उलटा उभा करत, दांडा खाली आणि पिसारा वर, आणि त्यावर एक हातपुसणं टाकत. पाहुणा निघून जाई. याला 'साकासाबोऽकी' म्हणतात. झाडूचा तिकडे एक देवच मानत आले आहेत. बाळंतपणात तो पाठीशी असतो, म्हणून गर्भारशीच्या पोटावरून नवा झाडू फिरवत आणि झाडूवर पाय पडू देत नसत.

"पाय तर आपुनबी पडू देत नाई," आई अंधारातून म्हणाली. "लक्ष्मी आहे ते. लक्ष्मीपूजनाले नवा फडा आनतो, हळद-कुंकू लावतो. दिवे लागल्यावर झाडत नाई, नाईतर लक्ष्मी बाहेर जाते."

मी काही बोललो नाही. सगळे झोपल्यावर उठलो, स्वयंपाकघराच्या दारामागे गेलो आणि फडा उलटा केला. हातपुसणं सापडेना म्हणून माझाच पंचा त्याच्या डोक्यावर टाकला. दिसायला तो हुबेहूब लग्नात रुसून बसलेल्या काकासारखा दिसत होता. त्या अंधारात मला स्वतःची थोडी लाज वाटली, नाही असं नाही. पण गॅलरीतली गादी आठवली आणि लाज ओसरली.

पहाटे पाचला गुळण्यांचा आवाज आला नाही.

मी ताडकन उठून आत गेलो. साडू आंघोळ करून, बॅग पायाशी घेऊन खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "काय झालं कुणास ठाऊक, रात्री एकदम घराची आठवण आली. आजच निघावं म्हणतो." माझ्या अंगावर काटा आला. जपान जपान म्हणतात ते उगाच नाही. मी चेहऱ्यावर जमेल तेवढं दुःख आणून म्हणालो, "अरेरे, इतक्यात?" आणि तिकिटाचं पाहायला मोबाईल शोधू लागलो. मनात आलं, की हा शब्द तर मुलीच्या परीक्षेतही येत नाही. तिनंच सांगितलं होतं, पहिल्या पायरीच्या तिच्या यादीत होऽकी नाहीच, आजीनं विचारलं म्हणून चिठ्ठी लिहिली. आणि तोच शब्द बघा कसा कामाला आला.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. तिच्या हातात फडा होता, आता सरळ धरलेला, आणि खांद्यावर माझा पंचा. तिनं आधी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग ती साडूंकडे वळली.

"दिवाळी तोंडावर आली अन् कुठं चालले भाऊ? बाईलेबी बोलावून घ्या सांगलीहून. दिवाळी करूनच जा न बाप्पा. थांबता का?"

साडूंनी बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

"होऽ की!" ते म्हणाले.

आईनं फडा त्यांच्या हातात दिला.